हजेरीपटावरून बोलके आलेख : पायथनचा पहिला पाठ



प्रत्येक महिन्याच्या अखेरीस आपण हजेरीपटाची बेरीज करतो, कामाच्या दिवसांनी तिला भागतो आणि येणारी सरासरी मासिक पत्रकात भरून वर पाठवितो. पत्रक कागदी असो वा ऑनलाईन, रीत तीच आहे. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, भागाकार करताना हाती काय लागले आणि हातचे काय निसटले, ह्याचा विचार सहसा मनात येत नाही. त्याच हजेरीपटातील आकड्यांपासून ब्राउझरमध्ये उघडणारा आणि ठिपक्यावर बाण नेताच त्या दिवसाची हकीकत सांगणारा आलेख कसा तयार करावा, ह्याची सुरुवात प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

ही खटपट मला का करावीशी वाटली, हे प्रथम सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका महिन्याच्या अखेरीस, मी एका लहान गावच्या शाळेस भेट दिली. पटावर ४० मुले होती व महिन्याची सरासरी उपस्थिती ३२ होती. शेरेपुस्तकात मी ‘उपस्थिती समाधानकारक’ असे लिहून सही केली. तेथील शिक्षिकाबाईंनी काही न बोलता हजेरीपट माझ्यापुढे उघडून ठेवला. कामाच्या २४ दिवसांपैकी पहिले १२ दिवस चाळीसच्या चाळीस मुले हजर होती; पुढचे १२ दिवस रोज २४. सोळा मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. बाई म्हणाल्या, “साहेब, सोळा मुलं गावातच नाहीत, आणि तुमची सरासरी म्हणते की आठच कमी आहेत.” गणित अगदी बरोबर होते, परंतु ३२ हा आकडा त्या संपूर्ण महिन्यात एकाही दिवशी वर्गात बसलेला नव्हता. शेरा खोडण्याची सोय नसते; म्हणून मी त्याखाली दुसरा लिहिला. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देणे असो वा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव असो, तेराव्या दिवशी जे कळले असते ते आम्हांस महिनाअखेरीस कळले होते.

सरासरीच्या ह्या फसवेपणाचे एक प्रसिद्ध उदाहरण संख्याशास्त्रात आहे. सन १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम्ब ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात अकरा जोड्या आहेत. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९ व दुसरीची सुमारे ७.५ येते. दोन राशींमधील संबंध मोजणारा गुणांकही चारही ठिकाणी सुमारे ०.८२ असाच येतो. कोष्टक पाहणाऱ्यास हे चार सख्खे भाऊ वाटावेत. परंतु कागदावर ठिपके मांडताच निराळेच दृश्य दिसते. पहिल्या संचात ठिपके एका तिरप्या रेषेभोवती विखुरलेले आहेत, दुसऱ्यात ते स्वच्छ वक्र रेषेवर आहेत, तिसऱ्यात एक ठिपका सोडून बाकी सर्व सरळ रेषेत आहेत, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत असून अकरावा एकटाच दूर जाऊन बसला आहे. शिक्षकाच्या दृष्टीने तो दूर बसलेला अकरावा ठिपकाच महत्त्वाचा होय.

आलेख काढणे आपणांस नवे नाही. स्तंभालेख आपण वर्गात शिकवितो, कार्यालयाच्या भिंतीवरही रंगवितो. रेषेने व स्तंभाने आकडे दाखविण्याची ही पद्धत विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश गृहस्थाने सन १७८६ च्या आपल्या ग्रंथात वापरली, तेव्हापासून ती रूढ होत गेली. भिंतीवरील आलेखाची अडचण एवढीच की, तो एकदा काढला म्हणजे मुका होतो. अमुक दिवशी रेषा का खाली आली असे विचारले तर उत्तरासाठी पुन्हा हजेरीपट शोधावा लागतो. ब्राउझरमधील आलेख मात्र स्वतःच्या पोटात मूळ आकडे बाळगून असतो. माउसचा बाण ठिपक्यावर नेला की लहानशी पाटी उमटते व तीत तारीख, हजर मुले आणि आपण लिहून ठेवलेला शेरा दिसतो. महिन्याचा एखादा भाग मोठा करून पाहता येतो, नको असलेली रेषा क्षणभर झाकता येते. अशा आलेखास इंग्रजीत निराळे नाव आहे. मी त्यास ‘बोलका आलेख’ म्हणतो.

ह्यासाठी जी साधने लागतात ती विनामूल्य आहेत. पहिले साधन पायथन ही संगणकाची भाषा. नेदरलँड्समधील खिडो व्हान रॉसम ह्यांनी ती सन १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. नावावरून विद्यार्थी अजगराची आठवण काढतील, परंतु ते नाव एका ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. दुसरे साधन ‘बोके’ नावाचा पायथनचा आज्ञासंग्रह. तो सन २०१३ पासून सर्वांस उपलब्ध आहे. छायाचित्रातील धूसर पार्श्वभूमीस वापरला जाणारा हा मूळ जपानी शब्द आहे. स्पष्ट दाखविणाऱ्या साधनास धूसरतेचे नाव का दिले, हा प्रश्न वर्गात निघाल्यास हसून सोडून द्यावा. ह्या शब्दाचे रोमन स्पेलिंग बी, ओ, के, ई, एच असे आहे. ते वहीत लिहून ठेवावे, कारण उच्चारावरून ते हमखास चुकते.

ह्या दोघांच्या कामाची वाटणी समजून घेतली म्हणजे पुढील सर्व सोपे जाते. ब्राउझरला पायथन समजत नाही; त्याची स्वतःची भाषा जावास्क्रिप्ट ही आहे. पायथनमध्ये आपण आकडे मांडतो व कोणता आलेख हवा ते सांगतो. बोके त्यावरून एक फाईल लिहिते. त्या फाईलीत आपले आकडे, आलेखाचे वर्णन आणि ते वर्णन वाचून चित्र काढणारा जावास्क्रिप्टचा भाग ह्यांची सांगड असते. प्रत्यक्ष चित्र ब्राउझर काढतो. म्हणून आलेख तयार करणाऱ्याच्या संगणकावर पायथन असावे लागते, पाहणाऱ्याच्या नव्हे. आणि आपणांस जावास्क्रिप्ट शिकण्याची गरज पडत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती भाषा संगणकावर उतरवून घ्यावी. विंडोज संगणकावर स्थापनेच्या वेळी ‘पाथ’ संबंधीचा चौकोन दिसल्यास त्यावर खूण करण्यास विसरू नये. ती खूण राहिली तर पुढे यंत्र पायथनला ओळखत नाही. नंतर ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून ‘पिप इन्स्टॉल बोके’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकित करावी. इंटरनेट लागते ते एवढ्यापुरतेच. तालुक्याच्या ठिकाणी बसून हे काम एकदा उरकले की शाळेत जोडणी नसली तरी अडत नाही.

पायथनबरोबर ‘आयडल’ नावाचा लिहिण्याचा फलक आपोआप येतो. त्यात नवी फाईल उघडून तिला ‘हजेरी’ असे नाव रोमन अक्षरांत द्यावे. येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने माझ्या फाईलीला ‘बोके’ हेच नाव दिले. यंत्र खऱ्या बोकेस शोधावयास निघाले की माझीच फाईल त्याच्या हाती लागे, आणि ‘ह्यात असे काही नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर उमटे. मी पायथन दोनदा काढून पुन्हा बसविले. सगळी संध्याकाळ गेल्यावर कारण उमगले. आज्ञासंग्रहाचे नाव आपल्या फाईलीस कधीही देऊ नये.

फाईलीतील पहिल्या ओळीत बोकेच्या ‘प्लॉटिंग’ विभागातून चार वस्तू मागवून घ्यावयाच्या असतात. ‘फिगर’ म्हणजे आलेखाचा कोरा कागद. ‘कॉलम डेटा सोर्स’ म्हणजे आकड्यांचे कोष्टक. त्याचे तिन्ही शब्द जोडून व प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे असे लिहावे. ‘आउटपुट फाईल’ ही आलेख कोणत्या फाईलीत ठेवावयाचा ते सांगणारी आज्ञा. तिच्या दोन शब्दांत खालची आडवी रेघ, म्हणजे अंडरस्कोर, येते. आणि ‘शो’ म्हणजे ‘दाखव’. लहानमोठ्या अक्षरांचा भेद पायथन काटेकोरपणे पाळते.

ह्यानंतर कोष्टक लिहावे. माझ्या मते सर्व कामाचा जीव ह्या कोष्टकात आहे, म्हणून येथे घाई करू नये. त्यात तीन स्तंभ ठेवावेत व त्यांची नावे रोमन अक्षरांत ‘दिवस’, ‘हजर’ आणि ‘शेरा’ अशी द्यावीत. प्रत्येक स्तंभातील नोंदी चौकटी कंसात स्वल्पविरामांनी विलग करून लिहावयाच्या. आकडे रोमन लिपीतील अंकांनीच लिहावेत. देवनागरी अंक आज्ञेत आल्यास पायथन ते नाकारते. शेरे मात्र अवतरणचिन्हांत असल्याने खुशाल मराठीत लिहावेत : ‘बाजार’, ‘मोठा पाऊस’, ‘यात्रा’, ‘ऊसतोड सुरू’. काहीच विशेष नसेल त्या दिवशी अवतरणचिन्हांमध्ये आडवी रेघ द्यावी. जागा सोडून देऊ नये, कारण तिन्ही स्तंभांतील नोंदींची संख्या समान असणे आवश्यक आहे. ती कमीअधिक झाली तर बोके इशारा देते आणि आलेख भलताच येतो. मोबाईलवरील संदेशातून आज्ञा उचलून चिकटविल्यास अवतरणचिन्हे वळणदार येतात व तीही पायथनला चालत नाहीत. ती हाताने पुन्हा टंकित करावीत.

सुटीच्या दिवसाविषयी एक गोष्ट अगत्याने सांगावयाची आहे. रविवारी वा सणाच्या दिवशी ‘हजर’ स्तंभात शून्य लिहू नये. शून्याचा अर्थ शाळा भरली होती आणि एकही मूल आले नाही, असा होतो. तो दिवस कोष्टकातून वगळावा, म्हणजे रेषा आधीच्या दिवसावरून पुढच्या दिवसावर जाईल. शून्य भरलेले आलेख माझ्या पाहण्यात आले आहेत. दर आठवड्यास रेषा विहिरीत उडी घेते आणि मुलांची खरी घसरण त्या खळग्यांत हरवून जाते.

कोष्टक झाले की ‘आउटपुट फाईल’ ह्या आज्ञेत तयार होणाऱ्या फाईलीचे नाव द्यावे, आणि त्यापुढे ‘मोड’ ह्या शब्दास बरोबरचे चिन्ह लावून अवतरणात ‘इनलाइन’ असे लिहावे. आपल्या शाळांच्या दृष्टीने हा एक शब्द मोलाचा आहे. तो न लिहिल्यास बोके चित्र काढणारा जावास्क्रिप्टचा भाग फाईलीत ठेवीत नाही; फाईल उघडताना तो इंटरनेटवरून आणावयास ब्राउझरला सांगते. जोडणी नसलेल्या गावी अशी फाईल उघडली तर कोरे पान दिसते. ‘इनलाइन’ लिहिल्यास तो भाग फाईलीतच भरला जातो. फाईल वजनाने मोठी होते, परंतु पेनड्राइव्हवर घालून कोठेही नेता येते.

पुढच्या ओळीत ‘फिगर’ ह्या आज्ञेने कोरा कागद मागवावा व त्यास एखादे सुटसुटीत नाव द्यावे. मी ‘पी’ हे अक्षर वापरतो. कंसात ‘टायटल’ म्हणून मराठीत शीर्षक द्यावे. ‘टूलटिप्स’ म्हणून बाण नेल्यावर उमटणाऱ्या पाटीचा मजकूर द्यावा. हा मजकूर जोड्यांनी लिहावयाचा असतो. जोडीतील पहिला शब्द पाटीवर दिसणारे मराठी नाव, आणि दुसरा शब्द कोष्टकातील स्तंभाचे रोमन नाव. ह्या दुसऱ्याच्या आधी ई-मेलच्या पत्त्यात येणारे ‘ॲट’ हे चिन्ह लावावे. ते चिन्ह म्हणजे ‘ह्या स्तंभातून उचल’ अशी खूण. चिन्ह विसरल्यास प्रत्येक ठिपक्यावर आकड्याऐवजी स्तंभाचे नावच उमटत राहते. नंतर पी डॉट लाइन ह्या आज्ञेने रेषा व पी डॉट स्कॅटर ह्या आज्ञेने ठिपके काढावेत. दोहोंच्या कंसात आडव्या अक्षासाठी ‘दिवस’, उभ्या अक्षासाठी ‘हजर’ व ‘सोर्स’ म्हणून आपले कोष्टक द्यावे. ठिपक्यांची ‘साइझ’ दहाच्या आसपास ठेवल्यास बाण नेण्यास सोपे जाते. शेवटच्या ओळीत ‘शो’ व कंसात ‘पी’.

कळफलकावरील एफ ५ ही कळ दाबली की फाईल जतन करून चालविली जाते आणि ब्राउझर उघडून आलेख समोर येतो. कडेला लहान चित्रांची पट्टी दिसेल. तीतील एका साधनाने चौकट ओढून हवा तो भाग मोठा करता येतो, एकाने आलेख सरकविता येतो, एकाने तो चित्र म्हणून जतन करता येतो, आणि ‘रीसेट’ दाबले की सर्व पूर्ववत होते. मुलांच्या हाती माउस देताना ‘रीसेट’ आधी दाखवावे. बाकीचे ती स्वतः शोधतात.

आलेख प्रथम दिसला की आनंद होतो, व त्या आनंदात एक फसगत नजरेतून सुटते. उभा अक्ष कोठून कोठपर्यंत असावा हे बोके आकडे पाहून आपणच ठरविते. हजेरी ३० ते ३४ ह्यांच्यामध्ये असेल तर अक्ष साधारण तेवढाच ठेवला जातो, आणि दोन मुलांचा फरक डोंगराएवढा दिसू लागतो. ह्यावर उपाय असा की, ‘फिगर’च्या कंसात ‘वाय रेंज’ देऊन अक्ष शून्यापासून पटसंख्येच्या थोडा वरपर्यंत बांधून टाकावा. चाळीस मुलांच्या पटास शून्य ते ४२ पुरेसे आहे. त्या शिक्षिकाबाईंच्या महिन्याचे आकडे मी अशा बांधलेल्या अक्षावर मांडून पाहिले. बारा दिवस सपाट रेषा, मग एकच पायरी खाली, आणि पुन्हा सपाट रेषा. तेराव्या ठिपक्यावर बाण नेला की ‘ऊसतोड सुरू’.

मुलगे व मुली ह्यांची हजेरी वेगळी पाहावयाची असल्यास कोष्टकात दोन स्तंभ करून दोन रेषा काढाव्यात, प्रत्येकीस ‘लेजंड लेबल’ देऊन नाव लावावे, आणि पी डॉट लेजंड डॉट क्लिक पॉलिसी म्हणून ‘हाइड’ लिहावे. मग नावावर टिचकी मारताच ती रेषा झाकली जाते व पुन्हा मारताच परत येते. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या गावी मोठ्या मुली घरी राहतात, तेथे एकत्र रेषेत न दिसणारी गोष्ट ह्या झाकण्या-उघडण्यात दिसते.

फाईल दुसऱ्यास देण्यापूर्वी मात्र थांबून विचार करावा. वर सांगितले की आलेख आपल्या पोटात आकडे बाळगतो. कोष्टकात आपण मुलांच्या नावांचा स्तंभ घातला आणि पाटीवर तो दाखविला नाही, तरी ती नावे फाईलीत असतातच, आणि जाणकार मनुष्य ती वाचू शकतो. अमक्या मुलीचे आईबाप गावात नाहीत व ती आजीजवळ एकटी आहे, ही माहिती गटागटांवरून फिरणाऱ्या फाईलीत जाता कामा नये. म्हणून कोष्टकात नावे घालू नयेत, हजेरी क्रमांकही घालू नयेत. केवळ दिवसाची एकूण संख्या व सर्वसाधारण शेरा ठेवावा. दोनच मुले गैरहजर असतील अशा दिवशी शेराही बेताचा लिहावा, कारण लहान गावात कारणावरून नाव सहज ओळखू येते. नावानिशी विचार हजेरीपटासमोर, शाळेच्या चार भिंतींत करावा.

ह्या साधनाचा वर्गातील उपयोग मी सहावी-सातवीच्या मुलांसमवेत करून पाहिला आहे. आरंभी चौकटीच्या कागदावर महिन्याच्या हजेरीची रेषा पेन्सिलीने काढून घ्यावी. हा भाग गाळू नये; ज्याने स्वतःच्या हाताने अक्षावर अंक मांडले नाहीत, त्याला यंत्राने मांडलेला अक्ष चुकला आहे हे कळत नाही. मग तेच आकडे एका मुलाने वाचावेत, दुसऱ्याने टंकित करावेत, तिसऱ्याने ताडून पाहावेत. संगणक एकच असला तरी तिघांना काम मिळते. आलेख उघडल्यावर शिक्षकाने काही सांगू नये. मुलांना आळीपाळीने बाण फिरवू द्यावा आणि सर्वांत खालच्या ठिपक्याविषयी काय वाटते ते विचारावे.

अशाच एका तासाला महिन्यातील आठव्या ठिपक्यावर बाण नेताच ‘बाजार’ हा शेरा उमटला. तो मी आठवणीवर विसंबून लिहिला होता. मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी बाजार नव्हता. ओढ्याला पाणी आलं होतं, पलीकडच्या वस्तीची पोरं आलीच नाहीत.” वर्गाची पावसाच्या नोंदीची वही भिंतीला टांगलेली होती, ती काढून पाहिली. मुलाचे म्हणणे खरे होते. त्यालाच पुढे बोलावून शेऱ्याच्या स्तंभातील तो शब्द बदलावयास सांगितला, आणि त्याने एफ ५ दाबले.